बॅकअपची ड्राइव्ह दर दीड-दोन वर्षांनी जाते: कारण काय निघालं आणि आता काय वापरते

प्रॉब्लेम असा की घरातल्या फाइलींचा बॅकअप मी ज्या कशावर घेतला ते दीड-दोन वर्षांत, फार तर सहा वर्षांत, दगा देतं. कधी ड्राइव्ह लावली की नुसता टिक टिक आवाज, कधी विंडोज विचारतं ही डिस्क फॉरमॅट करायची का, कधी फाइलींची नावं सगळी दिसतात पण उघडायला गेलं की फाइल खराब. २०१३ पासून हे पाच वेळा झालं. आणि दर वेळी मी तेच केलं जे सगळे करतात, दुसऱ्या कंपनीची ड्राइव्ह आणली, सगळं कॉपी केलं, कपाटात ठेवली, निश्चिंत झाले. मग परत तेच.

फाइली कसल्या ते सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बडोद्याच्या म्युझिक कॉलेजात शिकले, सूरसागर तलावासमोरचं, १८८६ साली गायक मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेतून वाढलेलं, आणि पुढे तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शिकवण्या घेतल्या. शिकवताना टेप चालू ठेवायची त्यांची सवय. अशा १८० कॅसेट आहेत. त्यातल्या कितीतरी आता वाजवल्या की डेकच्या हेडवर तपकिरी भुकटी बसते, म्हणजे एकदा कॉम्प्युटरवर घेतली ती घेतली, दुसऱ्यांदा घ्यायला ती कॅसेट तशीच राहील याची खात्री नाही. शिवाय आजोबांचे मोडीतले कागद स्कॅन केलेले आहेत, लग्नामुंजींचे फोटो आहेत. सगळं मिळून ७०० जीबीच्या आसपास.

आता काय काय गेलं ते. पहिल्यांदा डीव्हीडी, २०१३ मध्ये ४० डीव्हीडींवर फोटो टाकले आणि माळ्यावर ठेवले, २०१९ मध्ये काढले तर ११ वाचल्याच जाईनात. मग ऑनलाइन घेतलेला एक ‘१ टीबी’चा पेन ड्राइव्ह, तो पहिल्या दिवसापासूनच खोटा होता पण मला कळायला आठ महिने लागले. मग एक छोटी पोर्टेबल हार्ड डिस्क, टिक टिक करत गेली असं वाटलं. मग दुसरी, ती पुरात गेली, ते पुढे सविस्तर लिहिते. आणि शेवटी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह, ज्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता.

आधी हे बघा: ड्राइव्ह खरंच गेलीये का

माझी टिक टिक करणारी डिस्क मी दुकानात नेली आणि तिथं सांगितलं गेली, नवीन घ्या, मी घेतली. नंतर घरी जुनी सहज लॅपटॉपला दुसऱ्या केबलनं लावून बघितली तर चालू झाली. तेव्हा कळलं की मी ती डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लावत होते. पोर्टेबल हार्ड डिस्कला वेगळा अ‍ॅडॅप्टर नसतो, ती यूएसबीतूनच करंट घेते, यूएसबी २ चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देतं आणि यूएसबी ३ चं ९००, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून लांब वायर आलेली असते, त्यात केबल ढिली, म्हणजे मोटर फिरायला लागते, करंट पुरत नाही, आतलं वाचणारं हेड परत जागेवर जातं, परत फिरायला लागते, आणि आपल्याला वाटतं डिस्क मेली. तर आधी केबल बदला, मागचं पोर्ट वापरा, मधला यूएसबी हब काढून टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. त्या रुंद चपट्या केबलचं टोक फार लवकर ढिलं होतं, माझ्याकडे आता एक जास्तीची केबल नेहमी असते. एवढं करूनही आवाज येतच राहिला तर मात्र परत परत लावून बघू नका, तो खराच बिघाड आहे आणि दर वेळी चालू केली की नुकसान वाढतं.

डिस्क दिसायला लागली की क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा. प्रत्येक ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात, ती यात दिसते. वर गुड लिहिलंय म्हणून बंद करू नका, खालच्या यादीत चार ओळी बघा. ०५ म्हणजे खराब निघालेले आणि त्यांच्या जागी राखीव वापरलेले सेक्टर, सेक्टर म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे तुकडे. सी५ म्हणजे जे आत्ता वाचता येत नाहीयेत आणि ज्यांचा निकाल लागायचाय असे सेक्टर. सी६ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. आणि सी७, हा डिस्कचा दोष नसतो बहुतेक, केबलमधून डेटा येताजाता चुका झाल्या त्याचा आकडा असतो तो. हार्ड डिस्कवर पहिल्या तिघांत शून्याच्या वर काही दिसलं तर माझ्या मते त्या डिस्कवर बॅकअप ठेवायचे दिवस संपले, मग आकडा दोन असो की दोनशे. काही लोक म्हणतात दोन-चार सेक्टर चालतात, आकडा वाढत नसेल तर वापरा. सिनेमे ठेवायला वापरा की, अण्णांच्या कॅसेट मी त्यावर ठेवणार नाही. आकडे तिथं हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, दिसतात, सेटिंगमधून साध्या दशमान आकड्यात करून घ्या, नाहीतर उगाच घाबरायला होतं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. विंडोजनं सांगितलं डिस्कमध्ये एरर आहे, स्कॅन अँड फिक्स, मी लगेच केलं. त्यामागे चालतं ते चेकडिस्क हे फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली कुठं आहेत त्याची मांडणी, जुळवण्यासाठी आहे, ते मरत्या डिस्कवर लिहीत सुटतं, आणि माझ्या दोनेक हजार फोटोंचे त्यानं नुसते नंबर दिलेले तुकडे करून ठेवले. डिस्क अशक्त असेल तर आधी तिची जशीच्या तशी कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, त्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू सगळ्यात चांगलं, ते आधी चांगला भाग पटापट उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतं, आणि कुठं काय राहिलं त्याची नोंद ठेवतं म्हणून मधेच थांबवून परत चालू करता येतं. मग जे काय दुरुस्त करायचं ते त्या कॉपीवर. फॉरमॅट करायची का विचारलं तर नाही. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही गेलेलं परत काढायची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, फोटोरेकनं माझे बरेच फोटो परत आले, फक्त फाइलींची नावं जातात, तारखा लावत बसायला लागतं. आणि डिस्क फ्रीझरमध्ये ठेवा वगैरे सल्ले मिळतात ते ऐकू नका, बाहेर काढली की आत दव धरतं.

आणखी एक साधी गोष्ट, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, तो दोष नाही, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

मग कशावर ठेवायचं

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यावर नाही. म्हणजे इकडून तिकडे फाइल न्यायला ठीक, ठेवायला नाही. त्या खोट्या पेन ड्राइव्हची गंमत नाही, दुःख आहे. आत बहुतेक ३२ जीबीची चिप होती आणि कंट्रोलरला, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या भागाला, शिकवून ठेवलेलं की १ टीबी सांग. ३२ जीबीपर्यंत सगळं नीट जातं, त्याच्या पुढचं एकतर आधीच्यावर लिहिलं जातं किंवा कुठंच जात नाही, पण फाइलींची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असते ती शाबूत राहते, म्हणून नावं दिसतात, साइज दिसते, पहिले चार फोटो उघडून बघितले तर तेही उघडतात. मी तसंच बघितलं होतं. आता नवीन काहीही आणलं, अगदी ओळखीच्या दुकानातून आणलं तरी, आधी एचटूटेस्टडब्ल्यू चालवते, लिनक्सवाल्यांसाठी एफथ्री आहे, हे पूर्ण जागा भरून लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. मोठ्या ड्राइव्हला रात्रभर लागते. लागू दे. हेच टेस्टिंग नवीन हार्ड डिस्कवर पण करते, जी पहिल्याच आठवड्यात जाणार असते ती तेव्हाच जाते आणि बदलून मिळते.

डीव्हीडीचं मला वाईट वाटतं कारण दोष तिचा कमी आणि माझा जास्त होता. घरी लिहायच्या डीव्हीडीत रंगाचा एक सेंद्रिय थर असतो, लेझर तो जाळून खुणा करतं, आणि तो थर ऊन, उष्णता, दमट हवा यानं उतरतो. आमचा माळा पत्र्याखाली. मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४२ असतं तेव्हा त्या माळ्यावर हात ठेवता येत नाही अशी पेटी तापते, आणि लगेच जूनच्या शेवटी दमट. सहा वर्षं टिकल्या हेच खूप. न वाचल्या गेलेल्या ११ पैकी ४ मात्र एका जुन्या डेस्कटॉपमधल्या रायटरवर वाचल्या गेल्या, म्हणजे एका ड्राइव्हनं नाही म्हटलं तरी डिस्क लगेच टाकू नका, दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर, सगळ्यात कमी स्पीड ठेवून बघा. सीडी असेल तर तिची लिहिलेली बाजू, म्हणजे लेबलची बाजू, जास्त जपा, चकाकणारा थर तिथं नुसत्या लाखेच्या खाली असतो, डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो.

डिस्क प्रकारात एक गोष्ट खरंच चांगली आहे, एम-डिस्क, त्यात सेंद्रिय रंग नसतो, दगडासारख्या पदार्थाचा थर असतो. कंपनीचा दावा हजार वर्षांचा, ते बघायला कोण आहे, पण ऊन आणि दमटपणा ती साध्या डीव्हीडीपेक्षा जास्त सोसते हे पटण्यासारखं आहे. ब्लू-रे एम-डिस्क २५, ५० आणि १०० जीबीत येते. लिहायला तसा रायटर लागतो, वाचायला साधा ब्लू-रे ड्राइव्ह चालतो, १०० जीबीच्या डिस्कला मात्र बीडीएक्सएल चालणारा ड्राइव्ह लागतो. साधी ब्लू-रे घ्यायची झाली तर एचटीएल प्रकारची घ्या, एलटीएच मध्ये तोच सेंद्रिय रंग असतो. पण अडचण दुसरीकडे आहे, लॅपटॉपमधून डिस्क ड्राइव्ह गेले, आणि सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिण्याच्या ब्लू-रे बनवणंच बंद केलं. डिस्क शंभर वर्षं टिकली आणि वाचायला यंत्रच नाही, तर काय उपयोग, आमच्याकडे मोडी कागदांचं तेच झालंय, कागद धडधाकट आहेत आणि घरात वाचणारं कुणी उरलं नाही. म्हणून एम-डिस्कवर मी फक्त निवडक गोष्टी ठेवल्यात, मोडी कागदांचे स्कॅन आणि अण्णांच्या पंचवीस-तीस कॅसेट, ज्या गेल्या तर मला सहन होणार नाहीत.

टेप, म्हणजे एलटीओ, मोठ्या संस्था वापरतात, एका एलटीओ-९ टेपवर १८ टीबी बसतं आणि टेप तीस वर्षांसाठी बनवलेली असते, पण ड्राइव्हची किंमत लाखांत. घरासाठी विषय संपला.

आता एसएसडी, यावर थोडं थांबते कारण हा गैरसमज मी स्वतः दोन वर्षं बाळगला. हलती यंत्रणा नाही, पडली तरी फुटत नाही, फास्ट आहे, म्हणजे सगळ्यात भरवशाची, बरोबर? रोजच्या वापराला बरोबर. कपाटात बंद ठेवायला नाही. एसएसडीत डेटा म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार, तो हळूहळू झिरपतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये एकाच कप्प्यात चार-चार बिट ठासलेले असतात, क्यूएलसी म्हणतात त्याला, चार बिट म्हणजे सोळा वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या, थोडं झिरपलं तरी गल्लत. उद्योगाचं जे मानक आहे, जेडेक या संस्थेचं, त्यात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच की ती तिच्या ठरलेल्या आयुष्याइतकी वापरून झाल्यावर बंद अवस्थेत ३० अंशाला एक वर्ष डेटा धरेल. नवी ड्राइव्ह याच्यापेक्षा कितीतरी जास्त धरते हे खरं, घाबरून जाऊ नका, पण उष्णता वाढली की काळ कमी होतो आणि आमच्या कपाटात ३० अंश फक्त थंडीत असतात. आणि ती गेली की गेली, हार्ड डिस्क आधी कुरकुर करते, आकडे वाढतात, एसएसडी बऱ्याचदा सकाळी नुसती दिसेनाशी होते. डिलीट झालेलं परत काढायचं म्हटलं तरी ट्रिममुळे, म्हणजे डिलीट केलेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकते त्यामुळे, बहुतेक वेळा काही हाताला लागत नाही.

म्हणून फिरून फिरून मी साध्या हार्ड डिस्कवर आलेय. जुनी, जड, आवाज करणारी, पण जीबीला सगळ्यात स्वस्त, बंद ठेवली तरी चुंबकीय खुणा वर्षानुवर्षं राहतात, आणि स्मार्टच्या आकड्यांतून बऱ्याच वेळा आधी कळतं. बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी २०१३ पासून स्वतःच्या हार्ड डिस्कच्या बिघाडाचे आकडे जाहीर करत आलीये, त्यात वर्षाला शंभरातल्या एक ते दीड डिस्क जातात असं साधारण दिसतं. ते थंड खोलीतल्या, कधी न हलवल्या जाणाऱ्या डिस्कचे आकडे आहेत, पिशवीत घालून रिक्षातून फिरणाऱ्या डिस्कचे नाहीत. पण त्यातून मला एक उमगलं, कंपनी कुठलीही घ्या, दर वर्षी काही जाणारच. मी बारा वर्षं कुठली कंपनी चांगली हा प्रश्न विचारत होते.

घेताना दोन गोष्टी. छोट्या पोर्टेबल डिस्कच्या अनेक मॉडेलमध्ये यूएसबीचं टोक थेट आतल्या बोर्डावरच असतं, म्हणजे टोक तुटलं तर डिस्क डबीतून काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायचा मार्ग राहत नाही. मोठी साडेतीन इंची डिस्क आणि वेगळा डॉक, म्हणजे डिस्क खोचून कॉम्प्युटरला जोडायचा स्टँड, घेतला तर हा त्रास नाही, डॉक बिघडला तर दुसरा आणायचा. त्याला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो, तो लेबल लावून ठेवा, आमच्याकडे राउटरचा अ‍ॅडॅप्टर लावायला निघाले होते एकदा. दुसरं, एसएमआर आणि सीएमआर, हे डिस्कवर लिहिण्याचे दोन प्रकार. सीएमआरमध्ये पट्ट्या शेजारी-शेजारी सुट्या असतात. एसएमआरमध्ये पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात त्यामुळे एकदा भरून ठेवायला ती चालते, पण सारखं थोडं थोडं बदलत राहिलात तर फार हळू होते. एवढंच, त्याला फार घाबरायचं कारण नाही. फॉरमॅट मी एनटीएफएस ठेवते. एक्सफॅट सगळीकडे चालतं पण त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, कॉपी चालू असताना लाइट गेली किंवा केबल हलली तर सावरायला मागे काही नसतं. आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही.

पूर

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी बडोद्यात विश्वामित्री नदीला पाणी आलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. २०१९ ला ३१ जुलैला पण भयंकर पाऊस झाला होता पण तेव्हा माझी डिस्क माझ्याच घरी होती. नंतर मी वाचलं की एक कॉपी घराबाहेर हवी, म्हणून दुसरी डिस्क बडोद्यातल्याच समा भागात आत्याकडे ठेवली. तिचं घर तळमजल्यावर. डिस्क शोकेसच्या सगळ्यात खालच्या खणात. गुडघ्याच्या वर पाणी होतं, दोन दिवस उतरलं नाही, लाइट नाही, सोसायटीत मगर फिरतेय म्हणून कुणी खाली उतरेना. आत्याची औषधं आणि तिची तब्येत यापुढे डिस्क कुणाला आठवणार. पाणी उतरल्यावर तिला आठवली, बिचारीनं पुसून गच्चीत उन्हात वाळवली, आणि शेजारच्या मुलानं चालते का बघायला लॅपटॉपला लावली.

ते करायचं नव्हतं. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं, वाळलं की चिखलाचा थर तबकड्यांवर बसतो आणि चालू केली की हेड त्याला घासतं. भिजलेली डिस्क चालू करायची नाही, उन्हात नाही, ड्रायर नाही, तांदळात नाही, तशीच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्यायची, आणि पाण्यात पडली होती हे त्यांना सांगायचं. आत्याला हे कोण सांगणार होतं, मीच सांगून ठेवायला हवं होतं. ती अजून भेटली की त्या डिस्कचा विषय काढते आणि मला फार वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी मी घरची डिस्क तपासली. आता ती एकटीच उरली होती. सी५ च्या पुढे ८ लिहिलेलं. दोन दिवसांनी २४. सयाजीगंजातली दुकानं बऱ्यापैकी उघडून, नवी डिस्क हातात येऊन, सगळं तिच्यावर जाईपर्यंत अकरा दिवस गेले, आणि त्या अकरा दिवसांत अण्णांचा आवाज त्या एका आजारी डिस्कवर होता. मी ती बंद करून ठेवली होती, रोज रात्री हात लावून बघायचे फक्त. कॉपी झाली, तीन फाइली सोडून सगळं आलं. त्या तिघींच्या कॅसेट सुदैवानं परत वाजल्या.

आता काय करते

तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक गावाबाहेर. ३-२-१ म्हणतात याला, पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं हा नियम रूढ केला. यातला निदान १ तरी मी आधी केला होता असं मला वाटायचं, पण दांडिया बाजार आणि समा हे एकाच नदीचे शेजारी, ते ‘बाहेर’ होतच नाही. आता एक मोठी हार्ड डिस्क माझ्याकडे, वरच्या मजल्यावर, भिंतीतल्या कपाटात, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून. निळ्या दाण्यांची पुडी मिळते, ओल पकडली की दाणे गुलाबी होतात, मग तव्यावर मंद गरम करून परत निळे करायचे, खायच्या भांड्यात नाही. दुसरी हार्ड डिस्क इंदूरला ताईकडे, वेगळ्या कंपनीची आणि सहा महिन्यांच्या अंतरानं घेतलेली, म्हणजे एकाच बॅचचा दोष दोघींत नको. ताई दिवाळीत येते तेव्हा तिची डिस्क येते आणि ताजी करून परत जाते. ती हातातल्या पर्समध्ये आणते, सामानात टाकत नाही. तिसरी, निवडक गोष्टींच्या एम-डिस्क. आणि कामापुरती एसएसडी.

गूगलचा क्लाउड आहे, पण १५ जीबी फुकट, त्यात मेल आणि फोटो पण येतात, १ जून २०२१ पासून फोटोंचं ते अमर्याद फुकट बंद झालं. सातशे जीबीसाठी दर महिन्याला पैसे भरत राहायला हवेत आणि ज्या दिवशी भरणारं माणूस राहणार नाही त्या दिवशी काय, आणि गूगलचा नियम असा की दोन वर्षं खातं वापरलं नाही तर ते काढून टाकू शकतात. निवडक फाइलींसाठी मी वापरते, मुलाला पासवर्ड सांगून ठेवलाय. फक्त सिंकला, म्हणजे एकीकडचा बदल आपोआप सगळीकडे होतो त्याला, बॅकअप समजू नका. ताईनं एकदा फोनमधून एक फोल्डर काढला आणि तो सगळीकडून गेला, कचऱ्याच्या डब्यात तीस दिवस असतो म्हणून मिळाला, तिच्या लक्षात पंचविसाव्या दिवशी आलं होतं. तसंच कायम लावून ठेवलेली डिस्क. खंडणीवाला व्हायरस आला, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला होता तसा, तर जे जे जोडलेलं आहे ते सगळं कुलूपबंद करतो. काम झालं की इजेक्ट करून केबल काढायची.

पण खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. मी आधी कधी काही तपासायचेच नाही. डिस्क लागली, फोल्डर दिसला, झालं. आता प्रत्येक फाइलचा शा-२५६ काढून एक यादी केलीये, हा म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा लांबलचक आकडा, आत एक बिट बदललं तरी पूर्ण वेगळा येतो. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो काढता येतो, लिनक्समध्ये शा२५६सम आहे, आणि कॉपी करताना टेराकॉपीला व्हेरिफाय सांगितलं की ते लिहून झाल्यावर परत वाचून ताडतं. यादी प्रत्येक डिस्कवर आणि एक प्रिंट काढून कॅसेटच्या पेटीत. रेकॉर्डिंग सगळी वेव्ह या मोठ्या फाइलींच्या प्रकारातून फ्लॅक या दाबून ठेवणाऱ्या प्रकारात नेली, आवाज तसूभर कमी होत नाही, जागा जवळजवळ निम्मी लागते, २४ बिट ९६ किलोहर्ट्झला वेव्ह तासाला दोन जीबीच्या वर जाते हो. आणि फ्लॅकचा मोठा फायदा हा की मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह, म्हणजे शा-२५६ सारखाच ताडायचा आकडा, फाइलच्या आतच लिहिलेला असतो, वेगळी यादी हरवली तरी फाइल स्वतः सांगू शकते मी धड आहे की नाही.

तपासायचे दिवस ठरवून टाकलेत, पाडवा आणि दसरा. दसऱ्याला अण्णांचा तंबोरा आणि पेटी पुसून पूजा होते, त्याच दिवशी डिस्क बाहेर येतात, स्मार्टचे आकडे वहीत लिहायचे, आणि सगळ्या फाइली पूर्ण वाचून यादीशी ताडायच्या. रात्रभर चालतं. एसएसडी पण अशीच पूर्ण वाचून काढायची, नुसता करंट दिला म्हणजे ती ताजी होते असं धरून चालू नका, पूर्ण वाचल्यावर कंट्रोलरला कळतं कुठली जागा कमजोर झालीये.

गेल्या दसऱ्याला ४७ नंबरच्या कॅसेटची बी साइड एसएसडीवर जुळेना. साइज तीच, तारीख तीच, लावली तर मुलतानी राग छान चालू, सोळाव्या मिनिटाला खर्रर्र आणि पुढे शांत. वर क्रिस्टलडिस्कइन्फो गुड म्हणत होतं. नुसतं उघडून बघितलं असतं तर मला पुढची पाच वर्षं कळलं नसतं, आणि कधीतरी तीच फाइल बाकीच्या दोघींवर चढवली असती. घरच्या हार्ड डिस्कवरची जुळली, ताईला फोन करून तिच्याकडे लावायला सांगितली, तीही जुळली, तिथून परत घेतली. पंधरवड्यात आणखी दोन फाइली तशाच निघाल्या आणि मग ती एसएसडी बॅकअपच्या कामातून काढली, आता तिच्यावर फक्त रोजचं एडिटिंग होतं. तिच्या जागी मोठी हार्ड डिस्क आणलीये, दोन रात्री एचटूटेस्टडब्ल्यू झालं, शून्य चुका, काल दुपारी कॉपी संपली, व्हेरिफाय अजून चालू आहे, आत्ता १२६ नंबरच्या कॅसेटवर आलंय.